कोपराचे माप

आमच्या दुकानात कापडाला हात लावणाऱ्याने बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या असल्या पाहिजेत, हा दंडक माझ्या सासऱ्यांनी घालून दिला आणि पुढे पन्नास वर्षे मी तो सगळ्यांकडून पाळून घेतला. कारण साधे आहे. लोंबती बाही कापडावर घासते, घासली की खडूची रेघ पुसते, आणि पुसलेल्या रेघेवरून निघालेली कात्री कोणाच्या बापाचे ऐकत नाही.

असे असताना गेल्या उन्हाळ्यात माझी नात सलग तीन दिवस मनगटापर्यंत बाह्या घालून बेतायच्या टेबलाशी उभी राहिली. तिला घरात सगळे सुई म्हणतात. लहानपणी ती बारीक होती आणि बोलण्यात टोचायची. आता सव्वीस वर्षांची झाली आहे, बारीकपणा गेला, टोचणे राहिले. पहिल्या दिवशी मी पाहिले आणि बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी काळ्या कापडाचा तागा तिने टेबलावर उलगडला तेव्हा मात्र मी खुर्चीतून उठले.

"बाह्या वर कर."

"थंडी वाजते मला, आजी."

"या दिवसांत? तिकडे इस्त्रीलासुद्धा घाम फुटलाय."

"मग इस्त्रीच्या बाह्या वर करा."

मी बोलायची थांबते तेव्हा आमच्या घरात माणसे जे करायचे ते मुकाट्याने करतात. तिने बटणे काढली आणि बाह्या वर सारल्या.

दोन्ही कोपरांवर लाल चकंदळे होती, आणि त्यांवर चंदेरी, कोरडे खवले. मला कोणी नाव सांगायची गरज नव्हती. ते कोपर मी चाळीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी, याच उजेडात पाहिले होते. फक्त ते दुसऱ्या बाईचे होते.

"सोरायसिस आहे," सुई म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊन आलेय. सहा आठवडे झाले."

"सहा आठवडे! आणि तुझ्या आईला ठाऊक?"

"आईनेच नेलं."

म्हणजे सूनबाईंना ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक, औषधाच्या दुकानदाराला ठाऊक, आणि ज्या बाईच्या छपराखाली हे चालले होते तिला नाही. तो राग मी नंतरसाठी राखून ठेवला.

सुईने खणातून तीन वस्तू काढून टेबलावर मांडल्या. पहिली, डॉक्टरांनी दिलेली मलमाची नळी, अर्धी पिळलेली. दुसरी, एक कागद. त्यावर दर रविवारी टेप लावून घेतलेली मापे. उजवे कोपर तीन इंच, तीन इंच, तीन इंच, असे सहा वेळा. तिसरा, एक हिरवा पत्र्याचा डबा, अजून न उघडलेला.

"सहा आठवडे चोपडतेय, आजी. एक सूत हललेलं नाही. टेप खोटं बोलत नाही, हे तुमचंच वाक्य. आणि बारा दिवसांनी वाद्यवृंदाची माणसं मापाला येणार. चाळीस काळे कोट. तुम्ही सांगितलंत, या वेळी मापं मी घ्यायची, समोर उभं राहून. त्या काळ्या कापडावर माझ्या कोपरांचा भुगा पडताना बघतील ती?"

"आणि हा डबा कसला?"

तिचा चेहरा एकदम उजळला.

"ओळखलं नाहीत? तुमच्या गोष्टीतला! फोनवरून मागवला. निव्वळ पाल्याचं मलम, हिरवा डबा, दहा दिवसांत साफ. आत्याआजीचं गेलं होतं ना याने? म्हणजे मला दोन दिवस उरतात वर."

मी डबा उचलला आणि माझ्या खुर्चीशेजारच्या खणात ठेवून किल्ली फिरवली.

"आजी!"

"संध्याकाळपर्यंत. मला विचार करायचा आहे."

मला विचार करायचा आहे, असे मी त्या दुकानात त्यापूर्वी कधी म्हटल्याचे कोणाला आठवत नसावे.

ती म्हणत होती ती गोष्ट मी चाळीस वर्षे सांगत आले आहे. पाहुणे आले, कोणाला काही पुरळ उठले, कोणी डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडली, की मी सांगायची: माझ्या नणंदेला कोपरभर सोरायसिस होता, त्वचेच्या डॉक्टरांचे औषध दोन महिने लावून काडीचा फरक पडला नाही, मग मी स्वतः एका मलमवाल्याकडून हिरवा डबा आणला आणि दहा दिवसांत तिचे कोपर आरशासारखे झाले. ऐकणारे माझ्याकडे आदराने पाहत. गोष्ट तिथे संपते. खरे म्हणजे, मी ती तिथे संपवते.

माझी नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान. वयाने लहान असली तरी मी त्यांना वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. आमच्या वेळी तशीच रीत होती आणि मी ती मोडलेली नाही. वन्संनी लग्न केले नाही. कोणी विचारले तर "माझं कात्रीशी झालंय, आणि ती उलटून बोलत नाही," म्हणायच्या. सासऱ्यांच्या मागे बेतायचे टेबल त्यांच्याकडे आले. माझे यजमान मशीनवर, मी गिऱ्हाईक आणि हिशेब यांच्यावर, आणि वन्सं टेबलावर, अशी आमची वाटणी होती. त्यांच्यासारखा कोट बेतणारा हात मी नंतर पाहिला नाही. त्या माणसाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहत आणि म्हणत, "वहिनी, लिहा, डावा खांदा पाव इंच खाली." टेप लावला की पाव इंचच निघायचा.

त्यांनीही पहिल्यांदा बाह्याच खाली सोडल्या होत्या.

मला कळले ते खडूमुळे. काळ्या कापडावर आम्ही तेव्हा पिवळा खडू वापरत असू. एका सकाळी काळ्या कोटाची पाठ बेतून झाल्यावर मी ती उचलली आणि तिच्यावर बारीक पांढरा भुगा दिसला. पिवळ्या खडूने रेघा मारलेल्या कापडावर पांढरे कुठून आले? मी वन्संकडे पाहिले. त्या दुसरीकडे पाहत होत्या. मी भुगा झटकला, एक शब्द बोलले नाही, आणि दुपारी जाहीर केले की पिवळा खडू इस्त्रीखाली डाग धरतो, सबब यापुढे गडद कापडावर पांढराच खडू चालेल. यजमान म्हणाले, "तीस वर्षं डाग धरला नाही तो?" मी म्हटले, "आता धरतो." बायकोचे कधी ऐकायचे असते ते त्यांना बरोबर कळत असे.

पांढऱ्या खडूच्या भुग्यात पांढरे खवले कोणाला ओळखू येत नाहीत. त्या दिवसापासून आजतागायत आमच्या दुकानात गडद कापडावर पांढरा खडू चालतो. नव्या माणसांना वाटते ही काही जुनी विद्या आहे.

त्यानंतर आठवड्याभराने मी वन्संना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाई कडक होत्या. मला त्या ताबडतोब आवडल्या. त्यांनी सांगितले की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, कोणाच्या पापाने होत नाही, आणि मुळापासून जातही नाही; तो सांभाळावा लागतो. औषध म्हणून डांबरापासून केलेले मलम दिले. रात्री लावायचे, सकाळी कोमट पाण्याने धुवायचे, मग घड्याळ लावून दहा मिनिटे कोवळ्या उन्हात बसायचे, आणि वरून तेल. मी दर आठवड्याला टेपने माप घेऊन लिहून ठेवीन, असे मी म्हटले तेव्हा बाई हसल्या. "घ्या की. पण नुसत्या लांबीरुंदीवर जाऊ नका. हात फिरवून बघा. आधी खवले कमी होतात, मग जाडी उतरते, मग लाली. आकार सगळ्यात शेवटी आटतो."

मी ऐकले आणि सोडून दिले. बोटाची साक्ष आमच्या धंद्यात चालत नाही, टेपची चालते.

मापाच्या वहीत मी वन्संसाठी एक पान काढले. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'घरचे काम' असे लिहिले. उजवे कोपर चार इंच बाय तीन. डावे साडेतीन बाय तीन.

ते दोन महिने मला अजून लख्ख आठवतात. सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघी गच्चीवर जात असू. वन्सं कठड्याला पाठ लावून, कोपर उन्हाकडे करून बसायच्या, आणि मी समोर काजांना टाके घालत बसायची. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गाद्या झोडपत असे. खालून दूधवाल्याच्या सायकलची घंटा ऐकू यायची. दहा मिनिटे झाली की घड्याळ वाजे आणि वन्सं म्हणत, "एक बाजू भाजली वहिनी, उलटा आता." आम्ही हसायचो. माझ्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, पण नणंद-भावजय म्हणून आम्ही खऱ्या अर्थाने बोलू लागलो त्या गच्चीवर. त्यांना शाळेत शिक्षिका व्हायचे होते, हे मला तिथे कळले. मला गाता येत होते, हे त्यांना तिथे कळले.

उपाय सांगणारे तर पैशाला पासरी होते. ज्याला त्याला कुठून तरी वास लागलाच होता. एकीने कोरफड दिली, ती लावली, गार वाटले. दुसरीने जाड मिठाच्या पाण्यात कोपर बुडवून बसायला सांगितले. चुरचुरले, पण खवले मऊ झाले. तिसरीने आंबट बंद करा म्हटले, चौथीने गोड, पाचवीने दूध. वन्सं म्हणाल्या, "सगळ्यांचं ऐकलं तर रोग राहील आणि मी जाईन."

पण वास! डांबराचा तो वास वन्संच्या हाताला बसला, हातातून टेबलाला, टेबलावरून कापडाला. एके दिवशी आमचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक, वकील होते ते, नवा कोट हातावर टाकून परत आले. "बाई, कोट अप्रतिम आहे," ते म्हणाले. "पण तो घातला की आपण रस्ता दुरुस्तीच्या कामावर उभे आहोत असं वाटतं." दुकानातली माणसे हसली. वन्सं पडद्यामागे टेबलाशी होत्या. पडदा जराही हलला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मापाची वही उघडली. सात आठवडे, आणि चार इंच बाय तीन.

"वन्सं, हे मलम बंद."

"वहिनी, मला बरं वाटतंय हो. थोडं थांबू या."

"टेप काय म्हणतो?"

"टेप चारच म्हणतो, पण…"

"मग झालं."

त्या 'पण'च्या पुढे काय होते, ते मी विचारले नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आठवड्यातून एकदा एक मलमवाला बसत असे. त्याच्याकडे गुडघेदुखीपासून गजकर्णापर्यंत सगळ्यावर एकच हिरवा डबा होता. इतर वेळी अशा माणसाला मी दाराशीही उभे केले नसते. पण त्या मलमाला ओल्या पाल्याचा सुंदर वास होता. मी झाकण उघडून आधी वास घेतला आणि तेवढ्यावर डबा विकत घेतला. असे औषध आमच्यासारखी दुकानदारीणच निवडू जाणे.

दहा दिवसांत कोपर स्वच्छ झाले. इथपर्यंत माझी गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. अकराव्या दिवशी वन्सं बाह्या वर गुंडाळून, पडदा सारून, पुढच्या दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी काळ्या कापडाचा तागा फडकन उलगडला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी आजही डोळे मिटले की पाहू शकते. ते सुख मी दिले आहे, असे मला वाटले, आणि त्या वाटण्यावर मी पुढे चाळीस वर्षे काढली.

गोष्टीचा उरलेला भाग असा.

डबा तीन आठवड्यांत संपला. मलमवाला पुन्हा गल्लीत दिसला नाही. मलम थांबून आठ दिवस होतात न होतात तोच वन्संच्या कोपरांवर लाली परत आली, आणि ती कोपरांवर थांबली नाही. पाठ, मांड्या, डोके, शेवटी तळहात. मलमाखालची कातडी पातळ झाली होती. सुई टोचली की रक्त येई, आणि जिथे टोचली तिथे नवे चकंदळ उठे. शिवणाऱ्या बाईला दिवसात किती सुया टोचतात! बोटात अंगुस्तान घालवेना, कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना रुग्णालयात ठेवून घेतले. हिरवा डबा बोटात धरून त्यांनी फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "वास पाल्याचा आहे. काम पाल्याचं नाही. दहा दिवसांत कातडी साफ करणारं जालीम औषध यात मिसळलेलं असणार, आणि ते असं मनाने लावून एकदम सोडलं की रोग दामदुपटीने परत येतो. डांबराचं मलम कोणी बंद केलं? हा डबा कोणी आणला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

"मीच," वन्सं म्हणाल्या. "मला वासाचा कंटाळा आला होता."

डॉक्टरीणबाई त्यांना पुष्कळ बोलल्या. शिकलेल्या बाईने असा गाढवपणा करावा का, असे म्हणाल्या. वन्संनी मान खाली घालून ऐकून घेतले. मी शेजारी उभी राहून ऐकले.

हात बरे व्हायला सात महिने लागले. तोवर कोट थांबत नाहीत म्हणून टेबलावर मी दुसरा बेतणारा आणला. तो निर्णय दुकानासाठी होता आणि तो बरोबरही होता, असे मी यजमानांना सांगितले, आणि त्यांनी पहिल्यांदा मला उत्तर दिले नाही. वन्सं बऱ्या झाल्या तेव्हा टेबलाशी जागा नव्हती. त्यांनी दुसऱ्या गावी मुलींना बेतकाम शिकवायच्या शाळेत नोकरी धरली. जाताना म्हणाल्या, "अखेर मास्तरीण झालेच वहिनी." महिन्याला आमचे फोनवर बोलणे होते. डब्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही.

त्या गेल्यावर वर्षभराने जुन्या वह्या बांधून ठेवताना 'घरचे काम' हे पान माझ्यासमोर आले. माझ्या शाईतल्या मापांपुढे, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले होते. पहिल्या आठवड्यापुढे: कांबळे. दुसऱ्यापुढे पुन्हा कांबळे. तिसऱ्या आणि चौथ्यापुढे: जीन. पाचव्या-सहाव्यापुढे: मांजरपाट. सातव्यापुढे, जिथे मी चार बाय तीन लिहून औषध बंद केले होते, तिथे: वायल.

त्या दर आठवड्याला आपल्या कोपरावर बोट फिरवून कापड ओळखत होत्या. खरखरीत कांबळ्याची तलम वायल झाली होती. औषध लागू पडत होते, आणि त्यांच्या 'पण'च्या पुढे हेच होते.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी मी सुईला बोलावले. फळीवरून सर्वांत वरची जुनी वही काढायला लावली. ते पान उघडून तिच्यासमोर ठेवले आणि गोष्ट सांगितली. या वेळी शेवटपर्यंत. उभ्याने सांगितली. अशा गोष्टी खुर्चीत बसून सांगू नयेत.

तिने समासातली पेन्सिलीची अक्षरे एकेक करून वाचली. मग म्हणाली, "आजी, तुम्ही चाळीस वर्षं अर्धा कोट शिवून गिऱ्हाइकाच्या अंगात घालत होतात."

मला असे कोणी बोललेले मी खपवून घेत नाही. ते मी खपवून घेतले.

"मी आज सकाळी नुसतं खोलून लावलं असतं ते," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायचं होतं तेही उगाच, कौतुकासाठी."

"हात इकडे कर."

माझे डोळे आता सुईत दोरा ओवण्यापुरतेही उरले नाहीत, पण बोटांना अजून कापड कळते. मी तिच्या उजव्या कोपरावर बोट फिरवले. मग तिलाच फिरवायला लावले.

"पहिल्या आठवड्यात कसं होतं?"

ती आठवू लागली. "सदऱ्याच्या बाहीला अडकायचं. खरखर… कांबळं होतं, आजी."

"आणि आता?"

तिने डोळे मिटले. आमच्या घरातले लेकरू आहे. कापड ओळखायचे तर डोळे मिटते. "जीन. धुतलेली जीन. मांजरपाट नाही अजून."

"डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

"तीन महिने. मग तेच हळूहळू कमी करणार. मनाने एकदम बंद करायचं नाही म्हणाले."

"तर तसंच करायचं. तो डबा उद्या त्यांना नेऊन दाखव. आणि त्या कागदावरची लांबीरुंदी खोड. समासात कापड लिहीत जा."

तिने कागद उलटा केला, आणि मग तिने ते विचारले, ज्याची मी सकाळपासून वाट पाहत होते आणि जे तिने विचारू नये असेही मला वाटत होते.

"आत्याआजीला सांगितलंत हे? पान पाहिल्याचं?"

"नाही."

"कधीच?"

"फोन लाव," मी म्हटले.

वन्संनी फोन उचलला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "वहिनी? महिना कुठे संपलाय अजून? कोण गेलं?"

"कोणी गेलेलं नाही. मला बोलायचं आहे. तुम्ही मधे बोलायचं नाही."

"चाळीस वर्षांत कधी बोलले?"

मी सांगितले. डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे होते ते मी दिले नाही. मांजरपाट आणि वायल मी वाचले, आणि तरी तुमचा फोन आला की हवापाण्याचे बोलत राहिले. टेबल तुमचे होते. चूक माझी होती. एवढे बोलून मी थांबले, कारण यापुढचे शब्द मला सवयीचे नाहीत.

पलीकडे शिट्टी थांबली होती.

"पान पाहिलंत, ते मला ठाऊक आहे," वन्सं म्हणाल्या. "मी गेल्यावर दुसऱ्या वर्षापासून तुम्ही मला दर हिवाळ्यात वायलचे पूर्ण बाह्यांचे झगे शिवून पाठवायला लागलात. हिवाळ्यात वायल कोण पाठवतं, वहिनी? तुमच्यासारख्या बाईने? मी म्हटलं, कळलं यांना. बोलतील कधीतरी." मग म्हणाल्या, "रागावले होते मी. खोटं नाही सांगत. पहिली पाच-सहा वर्षं तुमचा आवाज ऐकला की हात खाजायचे."

"मग खोटं का बोललात तेव्हा? 'मीच आणला' म्हणून?"

"खडूसाठी."

"कसल्या खडूसाठी?"

"पिवळा खडू डाग धरतो म्हणे! माझ्या बापाने तीस वर्षं वापरला तो. तुम्ही सगळ्या दुकानाचा खडू बदललात आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत की बाई, तुम्हाला काय झालंय. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. म्हटलं, एवढं एक आपल्या अंगावर घेऊ."

मी खुर्चीत बसले. सुई पाणी घेऊन आली. मी ते प्यायले.

"तुमचं कसं आहे आता?" मी विचारले. चाळीस वर्षांत हेही पहिल्यांदाच.

"आहे की. कधी मांजरपाट, कधी वायल, जाग्रण झालं की जीन. ठेवणीतल्या कापडासारखं असतंच कपाटात काही ना काही. पोरीचं काय कापड आहे?"

"जीन," सुई माझ्या खांद्यावरून ओरडली. "धुतलेली!"

"मग बरी वाट आहे. तुझ्या आजीला टेप लावू देऊ नकोस."

बारा दिवसांनी वाद्यवृंदाची माणसे मापाला आली. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी सुई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाह्या कोपराच्या वर गुंडाळलेल्या होत्या. खवले पुष्कळ कमी झाले होते, लाली तशीच होती.

"आजी, मला पिवळा खडू हवाय."

"पांढऱ्याला काय झालं?"

"काळ्या कापडावर पिवळा स्वच्छ दिसतो. आणि तो डाग धरत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

मी पाच मिनिटे तिला तशीच उभी ठेवली. मग खणाची किल्ली दिली. अगदी तळाशी, सासऱ्यांच्या कात्रीखाली, कागदात गुंडाळलेल्या चार वड्या होत्या. टाकून द्यायला माझा हात कधी धजला नव्हता.

वाद्यवृंदात सनई वाजवणारे एक स्थूल गृहस्थ पहिले आले. सुईने त्यांच्या पाठीवरून टेप नेला तेव्हा त्यांची नजर तिच्या कोपरावर गेली आणि ते किंचित मागे सरकले.

"हे काय झालंय हाताला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले होते.

"सोरायसिस," सुई म्हणाली. "दुसऱ्याला लागत नाही, काळजी नको. पोट आत ओढू नका हो, कोट तुम्हाला घालायचाय, मला नाही. आजी, लिहा. डावा खांदा पाव इंच खाली."

मी लिहिले.